फिगरहेड : जहाजावरील काष्ठशिल्पाची घडण व जतन

प्रस्तावना : शिडाच्या जहाजाच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकास, बसविल्या जाणाऱ्या लाकडी शिल्पास ‘फिगरहेड’ म्हणतात. ब्रिटिश आरमारात हे शिल्प बहुधा जहाजाच्या नावास अनुरूप असे. संग्रहालयात ते स्वतंत्र मूर्तीप्रमाणे भासते. वस्तुतः ते जहाजबांधणीचेच एक अंग होय. त्याची घडण समजल्याखेरीज त्याचे जतन शक्य नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

घडण : एकोणिसाव्या शतकात कारागीर प्रथम आराखडा व खर्चाचा अंदाज नौदलाच्या मंजुरीसाठी सादर करीत. मोठे शिल्प एकसंध ओंडक्यातून न कोरता अनेक ठोकळे जोडून तयार केले जाई. ओक व एल्म ही लाकडे टिकाऊ परंतु जड. नाळेवरील भार कमी व्हावा म्हणून पुढे पाइनसारख्या हलक्या लाकडाचा वापर वाढला. ढोबळ आकार काढल्यानंतर पटाशीने तपशील कोरले जात. शिल्प दुरून व खालून पाहिले जात असल्याने नाजूक नक्षीपेक्षा खोल, ठसठशीत कोरीवकामास महत्त्व होते. शेवटी रंगाचे थर दिले जात. ते वेळोवेळी नव्याने द्यावे लागत.

ऱ्हास व जतन : ठोकळ्यांचे सांधे हेच या शिल्पाचे मर्मस्थान होय. सांधे उकलले की पाणी आत शिरते आणि बाहेरील आवरण जितके अभेद्य, तितके ते आत कोंडून राहते. इंग्लंडमधील प्लिमथ येथे २०२० मध्ये खुल्या झालेल्या ‘द बॉक्स’ या संग्रहालयात १४ फिगरहेड टांगलेली आहेत. त्यांच्या जतनकार्यात काहींचा अंतर्भाग कुजून लगद्यासारखा झाल्याचे आढळले. वृक्षांच्या तपासणीसाठी वापरले जाणारे ध्वनिलहरींचे तंत्र योजून कुजलेला भाग शोधण्यात आला व लाकूड सावकाश वाळविण्यात आले.

मुंबईचा संबंध : मुंबईच्या गोदीत १८१९ मध्ये ‘सेरिंगपटम’ ही युद्धनौका बांधण्यात आली. श्रीरंगपट्टणच्या १७९९ मधील पाडावाची आठवण देणाऱ्या या नौकेच्या नाळेवर विशाल पक्ष्यावर आरूढ, छत्रधारी पुरुष कोरलेला होता; तो टिपू सुलतान असावा, असे मानले जाते. नौका १८७३ मध्ये मोडण्यात आली. शिल्प मात्र ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे.

समारोप : जहाज नाहीसे झाल्यावर त्याचे नाव, त्यामागील राजकारण आणि कारागिराचा हात यांची साक्ष पुष्कळदा एवढे एकच लाकूड देते. म्हणून त्याच्या रंगाइतकीच त्याच्या सांध्यांची काळजी घेणे अगत्याचे ठरते.