चंपाषष्ठीची शेगडी

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला मल्हारी मार्तंडाचे घट बसले, की षष्ठीच्या नैवेद्याची सिद्धता घरोघर सुरू होते. मणी आणि मल्ल या दैत्यांचा संहार करून देवाने भक्तांना अभय दिले, तो हा चंपाषष्ठीचा दिवस. जेजुरीचा खंडोबा ज्यांचे कुलदैवत आहे, त्यांच्या घरी या दिवशी वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा मान पक्वान्नांहूनही मोठा. हे दोन्ही पदार्थ निखाऱ्यावर भाजावयाचे असतात. त्यामुळे वर्षभर माळ्यावर धूळ खात पडलेली कोळशाची शेगडी या एका दिवसासाठी खाली उतरते.

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्यावांग्यांचे पदार्थ मनसोक्त खाऊन घ्यावयाचे आणि एकादशीपासून ते वर्ज्य करावयाचे, हा चातुर्मासाचा परिपाठ. कार्तिकी एकादशीस चातुर्मासाची समाप्ती होते. तरीही खंडोबाच्या अनेक कुळांत वांग्याला लगेच हात लावीत नाहीत. षष्ठीला देवाला भरताचा नैवेद्य दाखवावा, मगच ते ताटात घ्यावे. काही भागांत तर या तिथीला ‘वांगेसट’ असेच म्हणतात. शास्त्रकारांनी कारणे काहीही दिलेली असोत, चार महिने दूर ठेवलेल्या वांग्याचा पहिला घास कसा लागतो, हे ज्याने व्रत पाळले त्यालाच ठाऊक!

खंडोबा हा धनगरांचा, शेतकऱ्यांचा, घोड्यावर बसून रानोमाळ फिरणारा देव. त्याचा नैवेद्यही रानातलाच आहे. जोंधळ्याचा ठोंबरा, बाजरीचा किंवा कणकेचा जाड रोडगा, पातीचा कांदा, लसूण आणि विस्तवात भाजलेले वांगे. यांतील बहुतेक गोष्टींना तळणीचे सोपस्कार नाहीत, पाकाची धास्ती नाही. रानात गोवऱ्यांचा हार लावावा, तो फुलला की त्यात रोडगे पुरावे आणि त्याच धगीत वांगी सरकवावीत. खानदेशात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजतात. तिकडची हिरवट पांढरी, गरदार वांगी भरतासाठीच प्रसिद्ध असून जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

शहरात गोवऱ्यांचा हार लावावयाचा कोठे? त्याचे उत्तर शेगडीने दिले. बादलीसारखी लोखंडी, आतून मातीने लिंपलेली, मध्ये जाळी, खाली वाऱ्यासाठी दार आणि उचलावयास कडी. अशी ही फिरती चूल मुंबई-पुण्याच्या चाळींतून पिढ्यान्‌पिढ्या राबली. सकाळी ती गॅलरीत पेटवावयाची, धूर ओसरला की आत आणावयाची. बाळंतिणीच्या शेकापासून देवाच्या धुपापर्यंत तिची सर्वत्र हजेरी. 1955 साली मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आला आणि पुढे घरोघर पोहोचला. शेगडी मागे पडली, कोळशाच्या वखारी विरळ झाल्या. गृहिणींच्या डोळ्यांचे आणि छातीचे भले झाले, यात संशय नाही. मात्र भरताचे तेवढे नुकसान झाले, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. गॅसची ज्योत वांग्याची साल एका जागी झटकन जाळते आणि देठाजवळचा गर कच्चाच राहतो. निखाऱ्याची आच संथ आणि चोहोकडून असते. साल हळूहळू करपते, आतील पाण्याची वाफ होऊन गर तिच्यातच शिजतो, आणि जो रस खाली ठिबकतो त्याचा धूर पुन्हा वांग्यालाच लागतो. भरताचा खमंगपणा तो हाच.

शेगडीसाठी कोळसा लाकडाचाच घ्यावा. दगडी कोळशाच्या धुरात गंधक असते. त्यावर उघडे अन्न भाजू नये. पेटविण्यासाठी रॉकेल वापरण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु त्याचा वास वांग्यात उतरल्यावाचून राहत नाही. नारळाची शेंडी आणि करवंटीचे तुकडे खाली घालून पेटवावे, वर कोळसे रचावे आणि खालच्या दारातून पंख्याने वारा घालावा. काळे कोळसे लाल होऊन त्यांवर पांढुरक्या राखेचा पातळ थर धरला, की विस्तव सिद्ध झाला असे समजावे. त्याआधी घाई करू नये. पहिले चार निखारे धुपाटण्यात काढून घ्यावेत. वांग्याचा रस सांडलेला निखारा देवाच्या धुपाला नको, ही जुन्या बायकांची दृष्टी फार सूक्ष्म होती.

वांगे कीड पाहून घ्यावे, तेलाचा हात लावावा आणि सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचावे, नाहीतर ते फुटते. चिमट्याने सावकाश फिरवीत राहावे. देठाजवळ सुरी सहज शिरली, की ते उतरवून झाकून ठेवावे. साल सोलताना नळाखाली धरू नये, बोटे पाण्यात बुडवून सोलावी. धुवून काढलेल्या वांग्याला कसली चव! रोडगा आधी तव्यावर दोन्ही बाजूंनी सुकवून घेतला आणि मग मंद निखाऱ्यांवर जाळीत ठेवून वर झाकण घातले, तर तो आतपर्यंत भाजला जातो.

आता एक गोष्ट कळकळीने सांगावयाची आहे. शेगडीचा धूर थांबला म्हणजे धोका टळला, ही समजूत घातक आहे. लाल, निर्धूर निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते आणि माणूस झोपेतच जातो. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेल्या कुटुंबांच्या दुर्दैवी वार्ता आपण अनेकदा वाचतो. जुन्या घरांना कौलांच्या फटी होत्या, दारे दिवसभर उघडी असत. आजच्या सदनिकेत खिडक्या घट्ट बसतात. तेव्हा शेगडी गच्चीवर, अंगणात किंवा मोकळ्या गॅलरीतच पेटवावी आणि तेथेच राहू द्यावी. मार्गशीर्षातील थंडीत ऊब मिळेल म्हणून ती आत आणू नये. लहान मुले व वृद्ध मंडळी यांना तिच्यापासून दूर बसवावे. ज्यांच्याकडे अशी मोकळी जागाच नाही, त्यांनी खुशाल गॅसवर जाळी ठेवून वांगे भाजावे. देवाने नैवेद्य मागितला आहे, कोळसा नव्हे. कुलाचारासाठी घरातील कोणाचा श्वास कोंडावा, हे मल्हारीला रुचेल काय?

भरीत कालवून झाले, की अनेक घरी पहिला कण अग्नीला देतात. मग देवाला नैवेद्य दाखवावयाचा, आणि त्याच्या कुत्र्याला व घोड्याला विसरावयाचे नाही; गल्लीतील कुत्र्यांना त्या दिवशी रोडग्याचा घास हमखास मिळतो. ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडार घेऊन पाच किंवा सात जण तळी भरतात, येळकोटाचा गजर होतो, भंडार उधळला जातो. या गडबडीत गॅलरीतल्या शेगडीकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. राखेखाली निखारे कित्येक तास धुमसत असतात. म्हणून रात्री वर पाणी शिंपडून ते पुरते विझवावे, आणि राख केराच्या प्लॅस्टिकच्या बादलीत न टाकता शेगडीतच राहू द्यावी. दुसऱ्या दिवशी ती निवल्यावर चाळून घ्यावी. देवाची पितळी भांडी तिने लखलखीत निघतात.