पाचशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह? आधी भरून बघा, मग फोटो टाका

फोनचं स्टोरेज फुल झालं की आपण काय करतो? ओटीजीला पेनड्राइव्ह लावतो, फोटो-व्हिडिओ त्यात टाकतो आणि फोनमधून डिलीट मारतो. मीही तेच केलं होतं. आजचा लेख त्याच पेनड्राइव्हचा रिव्ह्यू आहे. तो विकत घेतला तेव्हा त्याला साडेचार स्टार होते.

आमचं गाव पोखर्णी. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेवर ‘पोखर्णी नृसिंह’ हे स्टेशन लागतं, तेच. आबा गेल्यानंतर काकू म्हणाल्या, “सगळ्यांच्या मोबाईलमधले आबांचे फोटो एका जागी कर बाबा.” मी चार फोनमधून मिळून ४१ जीबी गोळा केले. नृसिंह जयंतीच्या यात्रेतले व्हिडिओ, शेतातले, दवाखान्यातले, सगळे. ‘२ टीबी’ छापलेला पेनड्राइव्ह ऑनलाइन ४९९ रुपयांना मिळाला होता. त्यात सगळं टाकलं. नावं दिसली, साइज दिसली, पहिले आठ-दहा फोटो उघडूनही बघितले. मग चारही फोनमधून ते डिलीट केले.

दीड महिन्याने घरच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला. यात्रेचे व्हिडिओ उघडेनात. काही फोटो वरून अर्धे नीट आणि खाली राखाडी पट्टा. काकू मागे उभ्या राहून विचारत होत्या, “हायेत का रे आबा त्यात?”

आत नेमकं काय असतं

पेनड्राइव्हच्या आत मुख्य दोन गोष्टी असतात. एक मेमरीची चिप, जिच्यात डेटा खरोखर साठतो. दुसरी कंट्रोलर चिप, जी फोनशी किंवा कॉम्प्युटरशी बोलते. “माझ्याकडे किती जागा आहे” हे कॉम्प्युटरला कंट्रोलर सांगतो आणि कॉम्प्युटर मुकाट्याने मान्य करतो. तो स्वतः मोजायला जात नाही. फसवणूक इथेच होते. ३२ जीबीची मेमरी लावायची आणि कंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये आकडा बदलून २ टीबी सांगायला लावायचं.

मग ३२ जीबी भरल्यावर काय होतं? एरर यायला पाहिजे ना? येत नाही. काही खोटे पेनड्राइव्ह पुढचा डेटा सरळ फेकून देतात. काही पुन्हा पहिल्या जागेपासून लिहायला लागतात, म्हणजे नवीन फोटो जुन्या फोटोंवर चढतात. दोन्ही वेळा कॉपीची हिरवी पट्टी शेवटपर्यंत जाते आणि ‘झालं’ असंच दिसतं.

पण मग फाइलींची नावं कशी दिसतात? कारण नावं, साइज आणि कोणती फाइल कुठे आहे याची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात लिहिलेली असते आणि तो भाग खरा असतो. मोंढ्यात पावतीपुस्तक व्यवस्थित आहे, शंभर पोत्यांच्या शंभर पावत्या आहेत, पण गोदाम उघडलं तर सोळाच पोती, असा हा प्रकार. आपण पावत्या मोजतो आणि निवांत झोपतो.

साडेचार स्टार आले कुठून?

मी नंतर त्या पेनड्राइव्हचे रिव्ह्यू परत वाचले. ‘डिलिव्हरी फास्ट’, ‘दिसायला भारी’, ‘गाणी टाकली, मस्त चालतो’. सगळे रिव्ह्यू पैसे देऊन लिहून घेतलेले असतील असं मला वाटत नाही. माणसाने पहिल्या दिवशी तीन जीबी गाणी टाकली, ती वाजली, त्याने पाच स्टार दिले. तो खोटं बोलला नाही. फक्त खोट जिथे आहे तिथपर्यंत तो पोचलाच नाही. चार्जर, माऊस, कीबोर्ड यांचा रिव्ह्यू दोन दिवसांत थोडाफार कळतो. साठवणुकीच्या वस्तूचा रिव्ह्यू ती भरल्याशिवाय लिहिताच येत नाही.

ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. ते ऐच्छिक म्हणून सुरू झालं. रिव्ह्यू लिहिणारा खरा ग्राहक आहे का, रिव्ह्यू कसे गोळा करायचे, कसे तपासायचे, हे त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या पेनड्राइव्हला ते लिहिणारे खरेच ग्राहक होते!

तपासायचं कसं

यासाठी मी वापरलेलं सॉफ्टवेअर म्हणजे एच-टू-टेस्ट-डब्ल्यू. जर्मनीच्या ‘सीटी’ या कॉम्प्युटर मासिकासाठी बनवलेलं, फुकट, विंडोजवर चालणारं आणि इन्स्टॉलसुद्धा न करावं लागणारं. दिसायला अगदी जुनाट. उघडल्यावर जर्मन भाषा दिसली तर घाबरू नका, वर इंग्लिशचा पर्याय आहे.

पेनड्राइव्ह नवा आणि रिकामा असतानाच टेस्ट करा. ड्राइव्ह निवडायचा, ‘सगळी उपलब्ध जागा’ हा पर्याय घ्यायचा आणि ‘राइट प्लस व्हेरिफाय’ दाबायचं. ते एक-एक जीबीच्या फाइली लिहून ड्राइव्ह भरतं आणि मग सगळं परत वाचून बघतं, की जे लिहिलं तेच परत आलं का. खरा असेल तर चुका नाहीत असा निकाल येतो. खोटा असेल तर किती डेटा ठीक आणि किती गेला ते आकड्यात सांगतं. आमच्या ‘२ टीबी’ची खरी जागा निघाली २९ जीबी.

वेळ लागतो, हे आधीच सांगतो. साधा पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी वेगाने लिहीत असेल तर ६४ जीबी भरायला सव्वादोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. त्याच वेगाने दोन टीबी भरायला जवळपास तीन दिवस लागतील. म्हणून मी आकडा टाकून फक्त ५० जीबीची टेस्ट लावली. खोटा पकडायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. खरा आहे अशी खात्री मात्र पूर्ण भरल्यावरच मिळते. आणि हो, डेस्कटॉपवर टेस्ट लावली की नेमकी लाईट जाते. माझी दोनदा गेली. लॅपटॉप मिळाला तर त्यावर लावा.

एवढा वेळ नसेल तर व्हॅलिड्राइव्ह आहे. गिब्सन रिसर्च कॉर्पोरेशनने २०२३ मध्ये काढलेलं, तेही फुकट. ते पूर्ण ड्राइव्ह भरत नाही, सारख्या अंतरावरच्या ५७६ जागी लिहून-वाचून बघतं, त्यामुळे काम खूप लवकर होतं. माझी पद्धत आता अशी आहे: आधी व्हॅलिड्राइव्ह, त्यात पास झाला तर रात्रभर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू. लिनक्सवाल्यांसाठी एफ-थ्री आहे.

कॉम्प्युटरच नसेल तर? फोनवरून पेनड्राइव्ह काठोकाठ भरा आणि काही वेळ काढून ठेवून परत लावा. मग सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या फाइली उघडून पूर्ण चालवून बघा. एक चूक करू नका: एकच व्हिडिओ पन्नास वेळा कॉपी करून भरू नका. नवीन डेटा जुन्यावर चढणारा ड्राइव्ह असेल तर एकाच व्हिडिओवर तोच व्हिडिओ चढेल आणि सगळं बरोबर दिसेल. वेगवेगळे व्हिडिओ घ्या. ही टेस्ट कच्ची आहे, पण काहीच न करण्यापेक्षा बरी.

एक गैरसमजही काढून टाकतो. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये ५९ च्या आसपास दिसतो, १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. एवढ्यावरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

हाच प्रकार मेमरी कार्डात आणि ‘एक्स्टर्नल एसएसडी’च्या नावाखालीही चालतो. २०२२ मध्ये परदेशात लोकांनी १६ टीबी, ३० टीबी असं लिहिलेले स्वस्तातले डबे उघडून बघितले, तर आत कार्ड रीडर आणि त्यात छोटी मायक्रो एसडी कार्डं निघाली. वरून डबा मेटलचा, एकदम दणकट.

फोटो गेले असतील तर

पहिली गोष्ट, त्या ड्राइव्हवर नवीन काही लिहू नका. ‘फॉरमॅट करा’ असा मेसेज आला तरी थांबा. जे उघडतंय ते आधी दुसरीकडे कॉपी करा.

दुसरी गोष्ट, फोनमधलं बिन लगेच बघा. गूगल फोटोजमधून डिलीट केलेलं, बॅकअप असेल तर ६० दिवस, बॅकअप नसेल तर अँड्रॉइड ११ किंवा पुढच्या फोनवर ३० दिवस बिनमध्ये राहतं. मी दीड महिन्याने बघितलं. त्यातल्या दोन फोनना बॅकअपच नव्हता.

रिकव्हरीसाठी फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. चुकून डिलीट झालेले फोटो ते बऱ्याचदा काढून देतं. पण खोट्या पेनड्राइव्हने जे फेकून दिलं ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं. मला एका ठिकाणी ‘तीन हजार द्या, सगळं परत आणतो’ असं सांगितलं गेलं. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. आत नसलेली गोष्ट महागड्या सॉफ्टवेअरलाही काढता येत नाही, हे तेव्हा माहीत असतं तर त्या दुकानाची पायरी चढलोच नसतो.

ऑर्डर जुनी असल्याने रिटर्नची मुदतही संपली होती. म्हणून टेस्ट पार्सल आलं त्याच आठवड्यात करा, पॅकिंग ठेवा, निकालाचा स्क्रीनशॉट काढा. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आबांचे काही व्हिडिओ शेवटी मिळाले. गंगाखेडच्या आत्यांच्या व्हॉट्सॲपमध्ये यात्रेचे तीन होते, फॅमिली ग्रुपवर दवाखान्यातला एक. व्हॉट्सॲपने दाबून बारीक केलेले, पण आवाज स्वच्छ येतो. ते आता घरच्या कॉम्प्युटरवर, टेस्ट केलेल्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर आणि ड्राइव्हवर अशा तीन ठिकाणी आहेत. शेतातले मात्र एकाकडेही निघाले नाहीत.

तो ४९९ वाला मी फेकला नाही. त्यावर २५ जीबीचंच पार्टिशन करून भजनं भरली आणि काकूंच्या टीव्हीला लावून दिला. मार्करने वर ‘खोटा’ असं लिहिलंय, म्हणजे घरात दुसरं कुणी त्यात फोटो टाकायला नको.