पाहुणे आले म्हणून शुल्क नाही

मे महिन्याची सुटी लागली, की दोन खोल्यांच्या सदनिकेतही आत्या, मावशी, भाचरे मुक्कामाला येतात. मुक्काम लांबला, की काही गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी सभासदाकडे 'बिनभोगवटा शुल्क' मागतात. ही मागणी नियमाला धरून नाही. सभासद स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो, तेव्हा हे शुल्क लागते. तेही राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार सेवाशुल्काच्या कमाल १० टक्के. यजमान घरातच असताना पाहुण्यांपोटी ते आकारता येत नाही. विवाहित मुलगी वा नातवंडे सदनिकेत राहत असली, तरी आदर्श उपविधींत सूट आहे. तरीही रक्कम देयकात आलीच, तर प्रथम संस्थेकडे लेखी हरकत नोंदवावी, नंतर उपनिबंधकांकडे तक्रार करावी. तोंडी भांडणाची नोंद कोठेच राहत नाही!

प्रवेशद्वारावरील वहीत नाव लिहिणे मात्र रास्तच. यजमानाशी नाते काय, ही रखवालदाराची चौकशी निराळी. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण तो मुख्यत्वे शासनाविरुद्ध वापरता येतो. त्यामुळे असा जाच झाल्यास सर्वसाधारण सभेत विषय मांडणे अधिक उपयोगाचे. पाहुण्यांच्या गप्पा रंगल्या, तरी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे.