शिलकी अंदाजपत्रक आणि उपाशी रयत

अंदाजपत्रकात शिल्लक पडली की अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करावयाचे, हा कायदेमंडळांचा जुना शिरस्ता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी तो 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यास, खुद्द कर्झनसाहेबांसमोर मोडला. वर्षानुवर्षे फर्ग्युसन कॉलेजात शिकविलेल्या या सभासदाने पहिल्याच भाषणात प्रतिपादन केले की, ही कोट्यवधींची शिल्लक सुबत्तेची नव्हे, अवाजवी करांची खूण आहे.

युक्तिवाद साधा होता. रुपयाचा भाव तेरा पेन्सांच्या आसपास घसरला, तेव्हा विलायतेस पाठवावयाच्या रकमा भागविण्यासाठी कर वाढविले गेले. 1893 मध्ये टांकसाळी बंद करून रुपया सोळा पेन्सांवर चढविला. खर्च हलका झाला, कर मात्र तसेच राहिले. मिठावर मणास अडीच रुपये कर होता आणि देश 1899-1900 च्या दुष्काळातून नुकताच बाहेर पडत होता.

लष्करावरही त्यांचा रोख तितकाच तीक्ष्ण होता. हिंदुस्थानातील पलटणी दक्षिण आफ्रिका व चीनमध्ये लढत असताना देशाच्या संरक्षणात काही उणे पडत नसेल, तर एवढे सैन्य येथील रयतेने का पोसावे? वेल्बी कमिशनपुढे 1897 मध्ये साक्ष देतानाही त्यांनी वाढत्या लष्करी खर्चावरच बोट ठेवले होते. 1857 चा उठाव मोडण्याचा खर्चही हिंदुस्थानच्याच कर्जखाती चढला होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

बीड तेव्हा निजामाच्या मुलखात होते. पण फौजेचे कर्ज म्हणजे काय, हे त्या मुलखाला फार आधी कळले होते. निजामाच्या पैशावर पोसलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील कंटिन्जंट फौजेच्या थकबाकीपोटी 1853 मध्ये वऱ्हाड, रायचूर दुआब आणि बीडला लागूनच असलेला धाराशिवचा प्रांत इंग्रजांच्या हवाली झाला. धाराशिव व रायचूर 1860 मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र 1902 मध्ये सालीना पंचवीस लाखांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने गेले.

कर्ज म्हणताच गोखले बिचकत नसत. रेल्वे-कालव्यांसारख्या, उत्पन्न देणाऱ्या कामांचे कर्ज त्यांनी निराळे मानले. उरलेले कर्ज मोठे नसताना शिल्लक त्याच्या फेडीत वा रेल्वेत जिरविण्यापेक्षा शिक्षण व आरोग्यावर खर्चावी, असा त्यांचा आग्रह होता. तो अगदीच वाया गेला नाही. 1903 मध्ये मिठावरील कर मणास दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजार रुपये झाली. कारकून व शाळामास्तरांना त्याचा दिलासा मिळाला. ज्यांच्याजवळ प्राप्तीच नव्हती, त्यांना अर्थातच नाही.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र हात आखडताच राहिला. त्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मार्च 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. आज सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. राज्यावरील कर्ज 2025-26 च्या अंदाजपत्रकानुसार नऊ लाख कोटींच्या पुढे गेले आहे. आणि बीडच्या ऊसतोड मजुरांची कितीतरी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यांच्या वाटेला लागतात. शाळेच्या हजेरीपटावर त्यांची नावे तेवढी राहतात.