ग्रंथीच्या पोटांतील वाट

रात्रीं तीन-तीनदां उठण्याची पाळी घरांतील वडील माणसावर येऊं लागली, म्हणजे तें सर्वांना ठाऊक होतें. बोलत मात्र कोणी नाहीं. "वय झालें" ह्या दोन शब्दांत विषय मिटतो. पुष्कळदां ती पुरःस्थ ग्रंथीची साधी वाढच असते. पण क्वचित् तेथें कर्करोगही असतो, आणि संकोचापायीं तपासणी लांबते. ज्यांस तो रोग होऊन किरणोपचार ठरला आहे, त्यांच्या घरच्यांनीं एक सूक्ष्म गोष्ट समजून घ्यावी, एवढ्यासाठीं हा लेख.

प्रोस्टेट अथवा पुरःस्थ ग्रंथि मूत्राशयाच्या खालीं, गुदाच्या पुढें, सुमारें अक्रोडाएवढी असते. सुश्रुतसंहितेंत मूत्राघाताच्या प्रकारांत 'वाताष्ठीला' सांगितली आहे; गुद व बस्ति यांच्यामध्यें वाटोळ्या धोंड्यासारखी कठीण गांठ होऊन मूत्र अडतें, असें तिचें वर्णन आहे. मण्यांतून दोरा जावा तसा मूत्रमार्ग ह्या ग्रंथींतून जातो. फरक इतकाच कीं हा दोरा सरळ नसून मध्येंच वांकलेला असतो.

येथेंच अडचण आहे. किरण सबंध ग्रंथीवर पडले पाहिजेत, आणि वाट तर तिच्या पोटांत! त्या वाटेवर मात्रा अधिक पडली तर जळजळ, वारंवार लघवी, आणि पुढें मार्ग अरुंद होणें, हीं दुःखें मागें लागतात. सी. टी. च्या चित्रांत ग्रंथि व मार्ग यांतील भेद नीट उमटत नाहीं. कॅथेटर घालून चित्र घेतलें तर मार्ग दिसतो खरा. पण नळीनें तो थोडा सरळ होतो, आणि उपचाराच्या वेळीं नळी नसेल तर वाट पुन्हा आपल्या मूळच्या वळणावर जाते. म्हणून नळीवांचून पाहावयाचें तर एम. आर. आय. अधिक उपयोगी.

हा काटेकोरपणा आज विशेष कां? पूर्वीं ३९ बैठकांत, दर वेळीं २ ग्रे, अशी ७८ ग्रे मात्रा देत. आतां ५ बैठकांत ३६.२५ ग्रे देतात, म्हणजे दर बैठकीस तिपटीहून अधिक. रोग फारसा पुढें न गेलेल्या रुग्णांवर ब्रिटन, आयर्लंड व कॅनडा येथें झालेल्या 'पेस-बी' चांचणीचे निष्कर्ष २०२४ सालीं प्रसिद्ध झाले. पांच वर्षांनंतर दोन्ही पद्धतींत सुमारें ९५ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यांत होता. मूत्राचा त्रास मात्र पांच बैठकांच्या गटांत कांहींसा अधिक आढळला. गुण तोच येऊन दुःख कमी व्हावें, तर वाट जपली पाहिजे.

काळाचा फेरा पाहा. १९१४ च्या सुमारास पॅरिस येथें पास्तो व देग्रे ह्या वैद्यांनीं ह्याच मूत्रमार्गानें रेडियम ग्रंथींत नेलें. तेव्हां जें किरणांचें प्रवेशद्वार होतें, तेंच आज त्यांपासून रक्षावयाचें आहे.

घरांत असा प्रसंग आला तर डॉक्टरांस निःसंकोच विचारावें: "मूत्रमार्ग कशानें पाहिलात? त्यास मात्रा किती?" आणि मूत्राशय किती भरलेलें ठेवावयाचें, ती सूचना प्रत्येक बैठकीस तंतोतंत पाळावी, कारण मूत्राशय हललें कीं ग्रंथीही थोडी हलते. वडिलांना विचारण्याची लाज वाटेल. तेव्हां मुलानें अथवा सुनेनें विचारावें. ह्यांत मर्यादाभंग नाहीं, सेवाच आहे.