विंडोज ११ टाकताना मध्येच अडकले? पुन्हा ‘रिट्राय’ दाबण्याआधी हे वाचा

रात्री लॅपटॉप अपडेटला लावून झोपायचे आणि सकाळी उठून पाहावे, तर पडद्यावर ‘अनडूइंग चेंजेस’. म्हणजे रात्रभर चाललेले सगळे काम विंडोजने स्वतःच उलटे फिरवले आणि गाडी परत विंडोज १० वर आणून सोडली. सोबत ‘झीरो एक्स’ने सुरू होणारा एक कोड, ज्याचा अर्थ कुणी सांगत नाही.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घराघरांतले, दुकानांतले, क्लासेसमधले जुने कॉम्प्युटर विंडोज ११ कडे निघाले. बरेच जण वाटेत अडकले. अशा वेळी ठरलेला क्रम असतो: तीन-चार वेळा ‘रिट्राय’ आणि मग वैतागून ‘फॉरमॅट मारून टाका’. नुकसान होते ते इथे. कारण सी ड्राइव्हवर जीएसटीची बिले असतात, मुलीचा प्रोजेक्ट असतो, दहा वर्षांचे फोटो असतात. विंडोज पुन्हा टाकता येते, हे परत मिळत नाही.

वास्तविक बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते. इन्स्टॉलेशन नेमके कोणत्या टप्प्यावर थांबले, एवढे कळले तरी अर्धे निदान होते.

डाउनलोड झाले, पण पूर्ण झाले का?

विंडोज ११ ची आयएसओ फाइल पाच जीबीपेक्षा मोठी असते. आपल्याकडे अनेकांचे नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट आणि रोजचा दोन जीबीचा पॅक. कोटा संपला की अनेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने उरलेले तीन जीबी उतरायला चार दिवसांहून जास्त लागतील. आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मिळणारी आयएसओची लिंक चालते फक्त २४ तास. मग दुसऱ्या दिवशी डाउनलोड पुढे सरकत नाही किंवा फाइल अर्धवट राहते. मध्येच वीज गेली आणि राउटर बंद पडला, तरी तेच. म्हणून हे काम ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी, एका बैठकीत उरकलेले बरे.

फाइल उतरल्यावर ती शाबूत आहे की नाही, हे तपासता येते. मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावर प्रत्येक भाषेच्या आयएसओसमोर ६४ अक्षर-अंकांची एक ओळ दिलेली असते. तिला हॅश म्हणतात. ती फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखी असते. पॉवरशेल उघडून ‘गेट-फाइलहॅश’ ही कमांड इंग्रजीत टाइप करायची, पुढे फाइलचा पत्ता द्यायचा, की तुमच्या फाइलचा ठसा समोर येतो. दोन्ही ओळी जुळल्या तर फाइल ठीक. एक अक्षर जरी वेगळे असले, तरी ती फाइल डिलीट करून नव्याने उतरवायची. तशीच वापरली तर इन्स्टॉलेशन मध्येच कुठेतरी ‘फाइल सापडत नाही’ म्हणून थांबते आणि आपण दोष हार्ड डिस्कला देत बसतो.

कधी चूक आपली नसतेही. पेन ड्राइव्ह तयार करून देणारे मायक्रोसॉफ्टचे ‘मीडिया क्रिएशन टूल’ ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० वर उघडताच काही न सांगता बंद पडत होते. मुदत संपायला अवघे काही दिवस उरलेले असताना! सप्टेंबरच्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत हा दोष असल्याचे कंपनीने मान्य केले आणि नंतर तो दुरुस्त केला. तेव्हा उतरवलेले टूल अजून डाउनलोड्समध्ये पडून असेल, तर ते काढून नवे घ्या.

मित्राचा जुना, ‘चालणारा’ पेन ड्राइव्ह मागून आणण्यातही धोका आहे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मधील अपडेट घालून तयार केलेल्या २४एच२ आवृत्तीच्या पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकले, तर पुढचे सुरक्षा अपडेट स्वीकारलेच जात नाहीत, असा दोष निघाला होता. इन्स्टॉलेशन झाल्यासारखे दिसते, म्हणून लक्षातही येत नाही.

पेन ड्राइव्ह स्वतः बनवायचा तर किमान आठ जीबीचा लागतो आणि त्यावरचे सगळे पुसले जाते. आयएसओ फाइल नुसती कॉपी करून पेन ड्राइव्हवर टाकली, तर त्यावरून कॉम्प्युटर सुरू होत नाही. शिवाय फॅट३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, भले ड्राइव्ह ६४ जीबीचा असो.

कोडमध्ये लपलेला टप्पा

आता मूळ दुखण्याकडे. चालू विंडोज १० वरूनच अपग्रेड करताना काम चार टप्प्यांत होते. पहिला जुन्या विंडोजमध्येच चालतो. मग मशीन रीस्टार्ट होऊन दुसरा सुरू होतो, ज्यात जुनी फाइल-व्यवस्था बाजूला सरकवून नवी मांडली जाते. तिसऱ्यात नवे विंडोज पहिल्यांदा सुरू होते आणि चौथ्यात तुमचे खाते, सेटिंग्ज जागेवर बसतात.

अपयशाचा कोड अनेकदा जोडीने येतो. त्यातला दुसरा कोड, समजा, २००१७ असेल, तर पहिला अंक २ म्हणजे दुसऱ्या टप्प्यावर अडले. ३ असेल तर नवे विंडोज पहिल्यांदा उठतानाच पडले. म्हणून हा पडदा बंद करण्याआधी मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा. दुरुस्तीवाल्याकडे गेलात, तरी त्याचे निम्मे काम वाचेल.

पहिला कोड कारणाकडे बोट दाखवतो. ८००७००७० म्हणजे जागा नाही. अपग्रेडसाठी सी ड्राइव्हवर किमान २० जीबी मोकळे हवेत. डाउनलोड्सचा फोल्डर दुसरीकडे हलवला, की अनेकदा प्रश्न सुटतो. सी१९००२०८ म्हणजे एखादे सॉफ्टवेअर नव्या विंडोजशी जुळत नाही. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस असेल, तर संशयाची सुई आधी त्याच्याकडे वळवा.

सर्वांत कुप्रसिद्ध कोड सी१९००१०१. तो दिसला की बहुधा एखादा ड्रायव्हर आडवा आलेला असतो. प्रिंटर, बारकोड स्कॅनर, अकाउंटिंगचे डोंगल, मेमरी कार्ड असे जे जे जोडलेले असेल ते काढा. कीबोर्ड-माउस तेवढे ठेवा. ग्राफिक्स आणि वाय-फायचे ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून अद्ययावत करा आणि मगच पुन्हा प्रयत्न करा. काहीही न बदलता ‘रिट्राय’ दाबल्यास मशीन त्याच जागी तसेच अडखळण्याची शक्यता जास्त. नेमका दोषी सापडत नसेल, तर मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ हे मोफत टूल इन्स्टॉलेशनच्या नोंदी वाचून कारण सांगते.

बायोसमध्ये हात घालण्याआधी

‘हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही’ असे आले, तरी लगेच नवा घेण्याची गरज नाही. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल, तर टीपीएम नावाची सुरक्षा चिप बहुतेकदा मशीनमध्ये असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या मशीनवर तिचे नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. ती चालू करायची. शेजारी दिसणाऱ्या ‘क्लिअर टीपीएम’ला मात्र हात लावायचा नाही.

कारण बिटलॉकर. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये फेरफार झाला, की सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर आतला डेटा मायक्रोसॉफ्टही काढून देऊ शकत नाही. लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असेल, तर ही की सहसा त्या खात्यात सापडते. आधी ती कागदावर उतरवून घ्या, बिटलॉकर तात्पुरते थांबवा आणि मग बायोस उघडा. कुणी दुसऱ्यानेच सेटअप करून दिला असेल, तर की त्याच्या खात्यात असू शकते, आत्ताच विचारा.

जुन्या मशीनवर आणखी एक खड्डा असतो. विंडोज ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेले असताना बायोसमध्ये थेट यूईएफआय निवडले, तर मशीन सुरूच होत नाही. डेटा गेलेला नसतो. सेटिंग परत फिरवली की विंडोज पुन्हा उठते. मग बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ टूलने डिस्क बदलून घ्यायची आणि त्यानंतर यूईएफआय.

याउलट घबराट नव्या लॅपटॉपवर होते. इंटेलच्या अकराव्या किंवा पुढच्या पिढीच्या अनेक मशीनवर पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायला घेतले, की ‘एकही ड्राइव्ह सापडला नाही’ असे येते. एसएसडी गेली, असा निष्कर्ष काढून काही जण नवी विकत आणतात. बिचारी एसएसडी ठणठणीत असते. इंटेलच्या व्हीएमडी यंत्रणेचा ड्रायव्हर सेटअपकडे नसतो, एवढेच. कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो दाखवायचा. लगेच ड्राइव्ह यादीत येतो.

यातले काही जमत नसेल, तर घाई करण्याचे कारणही नाही. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यावर घेतला तर ती पैसे न देता मिळते. नोंदणीचा पर्याय ‘विंडोज अपडेट’च्या पानावरच दिसतो.

आणि अपग्रेड पूर्ण होऊन प्रिंटर किंवा अकाउंटिंग सॉफ्टवेअर रुसले, तर पहिल्या दहा दिवसांत सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’मध्ये जाऊन ‘गो बॅक’ करता येते. तोपर्यंत सी ड्राइव्हवरचा ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर जागा खातो म्हणून उडवू नका. परतीचे विंडोज १० त्यातच असते.