देव मानणारा माणूस उत्क्रांती मान्य करू शकतो का? मेळघाटातल्या एका कथेच्या निमित्ताने

सातपुड्यात माणूसच नव्हता. रावणाने महादेवाला विनंती केली की, इथे माणसं वसव. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला पाठवलं. त्या मातीतून त्याने एक पुरुष आणि एक स्त्री घडवली. पण इंद्राचे घोडे त्या मूर्ती पुन्हा पुन्हा तुडवायचे. शेवटी महादेवाने कुत्रा घडवला, त्याने घोड्यांना रोखलं आणि 'मुला' व 'मुलाई' हे पहिलं जोडपं जिवंत झालं.

ही कोरकू समाजाची उत्पत्तिकथा. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात ती नोंदवली आहे. अमरावती जिल्ह्यातलं सिपना नदीकाठचं सेमाडोह आणि आसपासचा मेळघाट हा कोरकूंचा मुलूख.

आता इथल्या दहावीतल्या एखाद्या मुलीचा विचार करा. राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या विज्ञान भाग २ च्या पुस्तकात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. घरी आजी सांगते, महादेवाने मातीतून घडवलं. शाळेत बाई सांगतात, उत्क्रांतीतून घडलो. तिने खरं काय मानायचं?

उत्क्रांती नेमकं काय सांगते?

'माकडाचा माणूस झाला' असं उत्क्रांती सांगत नाही. सेमाडोहच्या रस्त्यावर बसलेलं वानर आपला पूर्वज नाही, दूरचा भाऊबंद आहे. त्याचे आणि आपले समान पूर्वज अंदाजे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी होते. पिढ्यानपिढ्या जनुकांत छोटे बदल होतात. जे बदल जगायला आणि वंश वाढवायला उपयोगी पडतात, ते पुढच्या पिढ्यांत टिकतात. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. जीवाश्म आणि डीएनए, दोन्हींचे पुरावे या चित्राशी जुळतात.

मग वाद का होतो?

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादमध्ये (आताचं छत्रपती संभाजीनगर) म्हणाले की, डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी लिहिलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून हे खोडून काढलं. लाखो वर्षांत घडणारा बदल एका माणसाने डोळ्यांनी पाहावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पुढच्याच वर्षी भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू जी. नागेश्वर राव यांनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचं म्हटलं. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम पाहून अनेकांना असं वाटतं. पण अवतार एकाच देवाचे असतात, तिथे माशापासून कासवाचा वंश निघत नाही. उत्क्रांती ही एकामागून एक पायऱ्यांची शिडी नाही, फांद्या फुटत जाणारं झाड आहे. दशावताराला विज्ञानाचा धडा केलं, तर श्रद्धेचाही अर्थ हरवतो आणि विज्ञानाचाही.

दोन्ही मानणारे लोक आहेत का?

आहेत. थिओडोसियस डोब्झान्स्की हे विसाव्या शतकातले मोठे उत्क्रांतीशास्त्रज्ञ श्रद्धाळू ख्रिस्ती होते. देवाने उत्क्रांतीच्या मार्गानेच सृष्टी घडवली, असं ते मानत. उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिलेली नाही, असं पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये मान्य केलं. स्वतः डार्विन उत्तरायुष्यात अज्ञेयवादी होता, पण आस्तिक माणूस उत्क्रांती मानू शकतो, असं त्यानेही १८७९ च्या पत्रात लिहिलं.

सगळ्यांना हे पटत नाही. उत्क्रांतीमुळे निर्मात्याची गरजच उरत नाही, असं रिचर्ड डॉकिन्स यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात. इतका मृत्यू आणि वेदना असलेल्या प्रक्रियेमागे दयाळू देव कसा, हा प्रश्न श्रद्धाळूंनाही छळतो.

मग उत्तर काय?

ते तुमची श्रद्धा काय सांगते यावर अवलंबून आहे. 'प्रत्येक प्राणी आहे तसाच, वेगवेगळा घडवला गेला' हा दावा पुराव्यांपुढे टिकत नाही. तो आणि उत्क्रांती एकत्र नांदणार नाहीत. पण 'देव आहे', 'जगण्याला अर्थ आहे' हे उत्क्रांतीने सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरत नाही.

त्या मुलीला आजीची कथा टाकून द्यायची गरज नाही. ही माणसं या डोंगराची, या मातीची आहेत, हे ती कथा सांगते. कोरकू वाघाला 'कुला मामा' म्हणतात, तेव्हा ते प्राणीशास्त्र सांगत नसतात, नातं सांगत असतात. शरीर कसं घडलं याचं उत्तर मात्र तिने जीवाश्म आणि डीएनएकडेच मागायला हवं, आणि परीक्षेतही तेच लिहायला हवं.

शाळेने एवढंच करावं: धडा नीट शिकवावा आणि तिच्या आजीला हसू नये. कथेची टिंगल झाली, तर मूल बहुधा कथा सोडत नाही, प्रश्न विचारणं सोडतं.